राखलेली जमीन

मेणवाडी, ता. आंबेगाव
रविवार, २२ जून २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. तू, रुपालीवहिनी आणि सोनल सुरतेत खुशाल असाल. इकडे आईचं बरं आहे. डाव्या गुडघ्याला सकाळी तेल लावून घेते आणि मग त्याच गुडघ्यावर दिवसभर राबते, सांगून ऐकत नाही. भाताची रोपं बोटभर वर आली आहेत. कपिलीला पाडी झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. सोनलला सांग, नाव तिनं ठेवायचं आहे.

इतक्या वर्षांनी पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "बरं, ठीक" म्हणतोस आणि फोन वहिनीच्या हातात देतोस. मीही तुला थांबवत नाही. पत्र असं मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मोठी बातमी आधी सांगते. आपले वनहक्काचे दावे मंजूर झाले. चौतीसपैकी तेहेतीस. गेल्या मंगळवारी लेखी निकाल हातात आला. तुला हे अजून कुणी कळवलं नसेल, कारण आईनं अख्ख्या वाडीला बजावून ठेवलंय. का, ते पुढे येईलच. चौतिसावा दावा कुणाचा आणि तो का गेला, तेही सांगते. पण आधी हे नीट वाच: कातळमाळ आपला झाला. आईचं आणि तुझं नाव लागलंय.

आता पहिल्यापासून लिहिते, म्हणजे तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

२०१७च्या जानेवारीत नामंजुरीची नोटीस आली, तिला नकाशा जोडला होता. तुला तो पाठ असेल. कायदा म्हणतो, तेरा डिसेंबर २००५च्या आधीपासून कसत असाल तर जमीन तुमची. तो नकाशा पुण्यात तयार झाला होता. उपग्रहाची दोन चित्रं शेजारी ठेवली गेली, एक २००५चं आणि एक २०१५चं. पहिल्यात आपल्या डोंगरावर झुडपं दिसली, दुसऱ्यात शेतं. म्हणजे मधल्या दहा वर्षांत रान तोडून शेतं झाली, असा अर्थ निघाला. अतिक्रमण. चौतीस घरांवर तांबड्या फुल्या पडल्या.

तू वाडीच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष होतास. दोन वर्षं घरोघर फिरून तू कागद जमवले होतेस, म्हाताऱ्यांचे जबाब स्वतःच्या अक्षरात उतरवले होतेस. त्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर तू उभा राहिलास आणि म्हणालास, "माझ्याच कागदात कायतरी खोट राह्यली आसंल." तुला कुणी अडवलं नाही. बाळासाहेब तर म्हणाला, "शिकल्याली माणसं अशीच गाव बुडवत्यात." शिमगा झाला आणि तू सुरतेची गाडी धरलीस.

मी तेव्हा गर्दीत मागे उभी होते. पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आले होते.

तू गेल्यावर आईनं ती नोटीस मला दुसऱ्यांदा वाचायला लावली. "सन २००५ मध्ये सदर जमीन पडीक आढळून येते" या वाक्यावर तिनं मला थांबवलं.

"पडीक पडली आसं लिवलंय का त्यात?"

"पडीक आढळली असं लिहिलंय."

"पडीक पडती ती बेवारशाची. आमची ठिवलेली व्हती. पाच साल झालं व्हतं ठिवून, आनखी एक ऱ्हायलं व्हतं."

एवढं बोलून ती उठली आणि गोठ्यात गेली. मी तिथंच बसून राहिले. ठेवलेली आणि पडलेली यांत फरक आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. आपण तो कधी शब्दांत बोललो नव्हतो, एवढंच. तीन वर्षं पीक, सहा वर्षं विसावा. नाचणी, वरई, खुरासणी, आणि मग हात लावायचा नाही. आपला डोंगर सगळा असाच चालतो. २००५चं चित्र काढलं तेव्हा कातळमाळ विसाव्याला होता, आणि २०१५ला त्याची पाळी आली होती.

पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली. तेव्हा घरात मी सांगितलं की मला पुढे शिकायचं आहे. ते खोटं नव्हतं.

सिद्धी तुला आठवत असेल. घोडेगावच्या गुलाबचंद शेठची नात. आपण हिरडा घालायला जायचो तेव्हा दुकानाच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची आणि तू तिला शब्दकोडं सांगायचास. ती आता पुण्यात भाषाशास्त्र शिकवते. एकदा तिच्या घरी जेवताना मी आईचं ते बोलणं तिला सांगितलं. तिनं घास तसाच ताटात ठेवला.

"तुझ्या नकाशात काय काय असतं गं?"

"झुडूप, गवत, शेत, पाणी, कातळ."

"म्हणजे नुसती नामं. क्रियापद कुठंय?"

"बदल दाखवतो की आम्ही. आधी झुडूप होतं, त्याचं शेत झालं."

"झालं म्हणजे? दूध नासलं तसं, आपोआप?"

मग तिनं मला तिच्या शास्त्रातली एक गोष्ट सांगितली. क्रियापद कधी एकटं येत नाही, आपली माणसं बरोबर घेऊन येतं. 'दिलं' म्हटलं की देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू हे तिघं आलेच. 'फोडलं' म्हटलं की कुणी फोडलं, काय फोडलं, कशानं, कशासाठी, हे प्रश्न उभे राहतात. बोलणाऱ्यानं एखादं उत्तर गाळलं तरी त्याची जागा रिकामी राहते आणि ऐकणारा ती शोधत बसतो. "तुझी आई म्हणते ठेवली. ठेवायला ठेवणारं माणूस लागतं, आणि ठेवायचं ते पुढच्या कशासाठी तरी. पडायला काहीच लागत नाही. तुमचा उपग्रह दोन्हीला झुडूपच म्हणणार."

हे तर मी तुझ्याकडूनच शिकले होते. शाळेच्या वाटेवर तू माझ्याकडून स-ला-ते, ने-ए-शी म्हणून घ्यायचास आणि चुकले की माझं दप्तर पुढच्या वळणापर्यंत मलाच उचलायला लावायचास. कर्ता, कर्म, करण. तेव्हा वाटायचं, हे परीक्षेपुरतं आहे.

त्यातून माझा अभ्यास उभा राहिला. डोंगरावरच्या प्रत्येक तुकड्याला रंग द्यायच्या ऐवजी एक वाक्य द्यायचं. त्या वाक्यात ठरलेल्या जागा: कुणी, काय केलं, कोणत्या तुकड्याला, कशानं, कशासाठी, आणि त्यानंतर काय करायचं ठरलं होतं. संगणकाला वाक्य कळत नाही, पण जागा भरलेली आहे की रिकामी आहे ते कळतं. मग दरवर्षीच्या उपग्रहचित्राशी ते वाक्य जुळतं का ते बघायचं. विद्यापीठात सुरुवातीला सगळे हसले. भूगोलवाले म्हणाले हे व्याकरण आहे, आणि व्याकरणवाले म्हणाले हा भूगोल आहे. सिद्धी म्हणाली, "दोघंही नको म्हणतायत, म्हणजे जागा मोकळी आहे. बस तिथं."

दोन वर्षं मी डोंगर चालले. चित्र कुणाला आधी दाखवायचं नाही असा नियम केला होता, नाहीतर माणसं चित्र बघून बोलतात. ठकूबाईंबरोबर पहिल्यांदा वर गेले तो दिवस मी कधी विसरणार नाही. सत्तरी उलटलेली बाई, माझ्यापुढे पन्नास पावलं. एका उतारावर थांबून त्यांनी हात केला.

"ह्यो राखलाय, त्यो सुटलाय, आन् त्यो पल्याडचा गेला."

तिन्ही तुकड्यांवर सारखीच करवंदीची जाळी. मला काही फरक दिसेना.

"राखलाय म्हणजे?"

"तीन सालं पिकला. आता सा सालं त्याला इसावा. पाला व्हतो, गवात व्हतं, माती धरती. मंग परत फोडायचा."

"आणि सुटलाय म्हणजे?"

"आमचं म्हातारं गेलं तवा सुटला. सोडायचा आसं कुनी ठरवलं न्हवतं."

"आणि तो गेला?"

"दरड आली. तिला कोन काय करनार?"

घरी येऊन मी वहीत लिहिलं: राखला, सुटला, गेला. एकाच झुडपाची तीन क्रियापदं. एकाला करणारा आहे आणि हेतूही. दुसऱ्याला माणूस आहे, पण हेतू नाही. तिसऱ्याला दोन्ही नाही. सिद्धीला फोन केला तर ती फोनवरच हसायला लागली, आनंदानं.

दोन वर्षांत दोनशे बारा वाक्यं जमली. १९९७पासूनची चित्रं मिळाली ती त्यांच्याशी लावून बघितली. एकशे सत्त्याण्णव वाक्यं साल धरून जुळली. ज्या बायकांना स्वतःचं जन्मसाल सांगता येत नाही, त्यांनी तुकड्याची पाळी मात्र वीस वर्षांमागची बरोबर सांगितली.

उरलेली बहुतेक एखाद-दुसऱ्या सालानं हुकली, बाळासाहेबाचं वाक्य मात्र मुळीच जुळेना. देवराईच्या कडेचा त्याचा तुकडा आठवतो ना? कुणी केलं? बाळासाहेबानं. कशानं? जेसीबीनं, २०१४ला. कशासाठी? तर म्हणाला, "रस्ता आला तर हाटेल टाकू, नाय आला तर बघू." त्याच्या आधीच्या सालांचं विचारलं तर कुणालाच काही सांगता येईना. ठकूबाई म्हणाल्या, "तिथं कधी नांगर गेला न्हाई." मी तो दावा यादीतून काढा म्हटलं तेव्हा तो भर सभेत माझ्या अंगावर आला.

"आपल्याच मान्साला उघडं पाडतीस व्हय? शिकून हेच केलंस?"

मी उत्तर देण्याआधी आई उठली. तिला सभेत बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "खोटं एक घातलं की खरं समदं नासतं," म्हणाली आणि खाली बसली. हात वर झाले. बाळासाहेबाचा हात वर नव्हता, पण यादीतून नाव काढलं तेव्हा तो उठूनही गेला नाही.

पाकिटाची कल्पना सिद्धीची. ती म्हणाली, "मागचं जुळवून दाखवलंस तर म्हणतील, बसवून आणलं. यात खरंच हेतू असेल तर पुढचं सांगता आलं पाहिजे." म्हणून २०२३च्या मे महिन्यात आम्ही शेहेचाळीस तुकडे निवडले आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत कोणता फुटेल, कोणता राखला जाईल, हे सगळं नावानिशी लिहून, पाकीट बंद करून, शिक्का मारून फेरसुनावणीच्या अर्जासोबत पुण्याच्या जिल्हा समितीच्या कचेरीत जमा केलं. पोच घेतली. गावात कुणाला आत काय आहे ते सांगितलं नाही.

यंदा फेब्रुवारीत पुण्यात फेरसुनावणी झाली. वाडीतून एकोणीस माणसं आली. ठकूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि एसटीत त्यांनी सगळ्यांना बजावलं, "तिथं कुनी हात जोडायचं न्हाईत. आपून मागाया चाललो न्हाई, सांगाया चाललोय."

जिल्हा समितीच्या अध्यक्षा एक बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या शेजारी एक तांत्रिक सल्लागार बसले होते. त्यांनी जुना नकाशा पडद्यावर लावला आणि विचारलं की सहा सहा वर्षं झुडपं असलेल्या जागेला शेत कसं म्हणायचं. मी राखणं आणि सुटणं यांतला फरक सांगितला. त्यांनी मान हलवली नाही. मग त्यांनी मला आणखी एक प्रश्न विचारला, त्याचं मी उत्तर दिलं, आणि अध्यक्षबाईंनी पाकीट मागवलं.

दादा, तो पुढचा पाऊण तास तू तिथं असायला हवा होतास. बाईंनी शिक्का सगळ्यांना फिरवून दाखवला, कात्रीनं पाकीट कापलं आणि एकेक ओळ वाचायला लागल्या. "तुकडा चार, ठकूबाई, २०२३ला वरई." सल्लागार त्या सालचं चित्र काढून पडद्यावर लावायचे. शेत. "तुकडा पाच, २०२४पर्यंत राखलेला." चित्र. झुडूप. पहिल्या दहा ओळींना ते नुसतेच चित्र लावत होते. विसाव्या ओळीला त्यांच्या तोंडून "बरोबर" निघालं. तिसाव्या ओळीपासून बाईंनी वाचायच्या आधीच ते पडद्याकडे वळून बघायला लागले. मागच्या बाकांवर आपली माणसं एकेका तुकड्याला हळूच माना डोलवत होती.

शेहेचाळीसपैकी त्रेचाळीस बरोबर आले.

बाईंनी चुकलेले तीन विचारले. एक ठकूबाईंचाच, त्या साली त्यांचा हात मोडला होता. दुसऱ्यात पेरलेलं बी रानडुकरांनी उकरलं. तिसरा कातळमाळ. पाकिटात लिहिलं होतं, २०२४ला फुटेल, नाचणीसाठी. करणारा म्हणून तुझं नाव होतं. चित्रात झुडूपच होतं.

"हा का चुकला?" बाईंनी मला विचारलं. उत्तर द्यायला आई उठली.

"जमीन हाये, पाळी हाये, बी पन ठिवलंय साहेब. करनारा न्हाई. त्यो सुरतंला हाये."

"मग ही जमीन सुटली असं लिहायचं का?"

"सुटली न्हाई," आई म्हणाली. "थांबलीय. माझा ल्योक यायचाय."

बाईंनी पेन उचललं आणि तो शब्द तसाच्या तसा लिहून घेतला. माझ्या अभ्यासात तो शब्द नव्हता, दादा. दुसऱ्या दिवशी मी तो घातला.

आज इथंच थांबते. आई हाक मारतेय.

सोमवार, सकाळ

काल मी एका प्रश्नाला वळसा घालून पुढे गेले. तुझ्या लक्षात आलं असेलच. तू माझी वही तपासायचास तेव्हाही खाडाखोड केलेली ओळच आधी वाचायचास.

सल्लागारांनी विचारलं होतं, "पहिला नकाशा तज्ज्ञांनी केलेला आहे. तो चुकीचा आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मी म्हणाले, "तो मीच केलाय. म्हणून मला माहीत आहे तो कुठं चुकतो."

दादा, तो नकाशा मी केला. काल मी तुला लिहिलं, पुण्यात तयार झाला. चित्रं ठेवली गेली, अर्थ निघाला, फुल्या पडल्या. आठ वर्षं मी हे असंच बोलत आले. चित्रं मी ठेवली. अर्थ मी काढला. आपल्या चौतीस घरांवर तांबड्या फुल्या मी टाकल्या, कातळमाळावर सगळ्यात शेवटी. कंपनीत मी नवीन होते. काम आलं तेव्हा यादीत मेणवाडी हे नाव मी वाचलं होतं. साहेबांना म्हणाले, आमच्याकडे जमीन राखतात, दोन चित्रांत ते दिसणार नाही. ते म्हणाले, चित्रात दिसतं तेवढंच लिहायचं. मी लिहिलं. त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. वाडीतली पहिली मुलगी संगणकावर काम करते म्हणून मला इतका अभिमान होता की ते काम परत करणं मला जमलं नाही. वाटलं, वर कुणीतरी तपासेल. वर कुणीच नव्हतं.

आणि त्याहून वाईट ते पुढचं. तू मारुतीसमोर उभा राहून खोट स्वतःच्या कागदात शोधत होतास, तेव्हा मी वीस पावलांवर गप्प उभी होते. तुझं ओझं मी बघत राहिले. नकाशा ही माझी चूक होती. ते गप्प राहणं मी जाणूनबुजून केलं.

हे मी भर सुनावणीत, वाडीतल्या एकोणीस माणसांसमोर सांगितलं. मागे कुणीतरी "आँ?" केलं. अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पाकीट आणा."

परतीच्या एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. आईसुद्धा पुढे जाऊन बसली. राजगुरुनगरला गाडी थांबली तेव्हा ठकूबाई दोन चहा घेऊन आल्या आणि एक माझ्या हातात दिला.

"आधी सांगितलं आसतंस तर येक तुकडा दावला नसता तुला."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"हां. त्ये बी खरंच," म्हणाल्या आणि माझ्याजवळ बसल्या. मंचर येईपर्यंत उठल्या नाहीत.

घरी आल्यावर आईनं चूल पेटवली, भाकरी टाकल्या, मला वाढलं. मग म्हणाली, "आठ वरसं तुझ्या बोलन्यात कायतरी आडत व्हतं. मला वाटलं लग्नाचं आसंल." मी रडले. ती म्हणाली, "दादाला कवा सांगनार?"

"निकाल लागल्यावर."

"आन् नाय लागला तर?"

"तरीही सांगणार."

तेव्हापासून तिनं वाडीला आणि वहिनीलाही तंबी दिली. निकाल लागला तरी दादाला कुणी कळवायचं नाही, दोन्ही गोष्टी अक्षदा एकाच कागदावर लिहील. मंगळवारी निकाल आला, बुधवारी आम्ही ओझरच्या गणपतीला जाऊन आलो, आणि त्या दिवसापासून ती रोज सकाळी विचारते, "लिवलंस का?" आज तिला हो म्हणता येईल.

मला पदवी मिळाली, हे लिहायचंच राहिलं. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या सात गावांनीही बोलावलंय. पुढच्या आठवड्यापासून सिद्धी आणि मी लेण्याद्रीजवळच्या एका शाळेत तिथल्या बायकांना वाक्यं लिहून घ्यायला शिकवणार आहोत. पहिल्या दिवशी ठकूबाई शिकवायला येणार आहेत. त्यांनी अट घातलीय की फळ्यावर खडूनं त्याच लिहितील. लिहिता त्यांना येत नाही, पण ते आपण त्या दिवशी बघू.

वनहक्काचे कागद पंधरा ऑगस्टला देवळासमोर वाटायचे ठरलेत. लावणी तोवर उरकलेली असेल. नावं कुणी वाचायची यावर परवा सभा झाली. सरपंचांचं नाव आलं, माझंही आलं. मी नाही म्हटलं. मग बाळासाहेब उठला, हो, तोच. म्हणाला, "दादाभाऊला बोलवा. मी त्याला लई बोललो व्हतो, तिथंच." आणि ठराव झाला. सही करणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं आहे. ठरावाची प्रत सोबत घातली आहे.

एक गोष्ट मी शेवटी लिहायची म्हणून मागे ठेवली होती. सुनावणी संपताना अध्यक्षबाईंनी तुझी फाइल उघडली, २०१५ची, सुतळीनं बांधलेली. पानं उलटत गेल्या. प्रत्येक घराचा जबाब, प्रत्येकाच्या चतुःसीमा, प्रत्येक पानाखाली तुझी तारखेसह सही. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "यात एकही कागद कमी नाही. ही कुणी लावली?"

मागच्या बाकांवरून एकोणीसही जणांनी एकदम तुझं नाव घेतलं, दादा. इतक्या मोठ्यानं की बाहेरचा शिपाई दार उघडून आत बघायला आला.

तू ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी ये. तुझा राग माझ्या वाट्याचा आहे, तो तू आठ वर्षं स्वतःवर काढलास. आता तो मला दे.

तुझ्या शिव्यांचीही वाट बघणारी,
तुझीच धाकटी,
अक्षदा